हरणारा संघ, संपत आलेला करार आणि मंगळवारची मुदत

ऑक्टोबर संपत आला की एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या काही संघांचा हंगाम मनातल्या मनात संपलेला असतो. आठ सामन्यांत दोन विजय, प्लेऑफची आशा जवळपास मिटलेली, आणि संघात दोन-तीन उत्तम खेळाडू असे, की ज्यांचे करार येत्या मार्चमध्ये संपणार आहेत. ट्रेडची, म्हणजे खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काही घेण्याची, मुदत मंगळवारी पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार दुपारी चारला संपते. २०२३ पर्यंत ती आठव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी असायची, २०२४ पासून नवव्या आठवड्यानंतर असते. शिकागो किंवा न्यू जर्सीत राहणारी मराठी मंडळी त्या दुपारी ऑफिसात बसून फोन चाळत असतात. पुण्या-मुंबईत जागं राहणाऱ्यांसाठी तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते.

चर्चा नेहमी दोन बाजूंनी होते: विकून टाका, किंवा नवा करार करा. पण पडते संघ बऱ्याचदा तिसरंच काहीतरी करतात. ‘मार्चमध्ये बघू’ म्हणतात आणि खेळाडूला तसाच ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे की हा तिसरा मार्ग सगळ्यात महाग पडतो. विकण्याचा निर्णय चुकला तर निदान हातात ड्राफ्टचा पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला एक क्रमांक, असतो. करार चुकला तर निदान खेळाडू असतो. थांबणाऱ्याकडे यातलं काहीच उरत नाही, आणि उरलंच तर ते वर्षभर उशिरा येतं.

आधी हे बघू, की विकत घेणाऱ्याला मिळतं काय. उरलेले आठ-नऊ सामने, हा त्यातला लहान भाग. मोठा भाग म्हणजे मार्चमध्ये बाजार उघडेपर्यंत त्या खेळाडूशी एकट्याने वाटाघाटी करायचा हक्क, आणि वाटाघाटी फिसकटल्या तर त्याला फ्रँचायझी टॅग लावायचा, म्हणजे ठरलेल्या रकमेवर एक वर्ष रोखून धरायचा, हक्क. म्हणूनच संपत आलेल्या करारावरच्या खेळाडूलाही दुसऱ्या फेरीचा पिक मिळू शकतो. पगाराचा हिशोब सोपा आहे. मूळ पगार हंगामाच्या १८ आठवड्यांत विभागून दिला जातो. आठव्या आठवड्यानंतर ट्रेड झाला तर नवा संघ १०/१८ पगार देतो. मॉन्टेझ स्वेटचा २०२३ चा पगार १ कोटी १५ लाख डॉलर होता, त्यामुळे त्याला घेणाऱ्या संघाच्या माथी साधारण ६४ लाख आले.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘ट्रेड केला तर कॅपवर (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेवर) डेड मनी (गेलेल्या खेळाडूच्या नावाचा बोजा) येईल’ ही भीती या खेळाडूंच्या बाबतीत बहुतेक वेळा खोटी असते. बोनसचा जो हिस्सा पुढच्या वर्षांवर टाकलेला असतो, तो ट्रेड झाल्यावर जुन्या संघाच्या कॅपवर एकदम येतो, हे खरं. पण करार याच वर्षी संपत असेल तर पुढचा हिस्साच नसतो. करारात व्हॉइड इयर (बोनस पसरवण्यापुरती कागदावरची वर्षं) टाकलेली असतील, तर १ जूननंतरच्या ट्रेडमध्ये तो बोजा पुढच्या वर्षीच्या कॅपवर जातो, आणि खेळाडू ठेवून करार संपू दिला असता तरी तो तिथेच गेला असता. म्हणजे विकल्यामुळे नवीन खड्डा पडत नाही.

पँथर्सनी थांबून काय गमावलं

किंमत वेळेबरोबर कशी वितळते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅरोलायना पँथर्स आणि ब्रायन बर्न्सचं आहे.

१ नोव्हेंबर २०२२ च्या मुदतीला पँथर्स २-६ (दोन विजय, सहा पराभव) होते. प्रशिक्षक मॅट रूल यांना आधीच काढलं होतं आणि ख्रिश्चन मकॅफ्रीला सॅन फ्रान्सिस्कोला विकून झालं होतं. म्हणजे संघ पुनर्बांधणीत आहे हे त्यांनी स्वतःच जाहीर केल्यासारखं होतं. बर्न्स तेव्हा २४ वर्षांचा एज रशर, म्हणजे कडेने चढाई करणारा बचावपटू. त्या हंगामाचा उरलेला अर्धा भाग आणि २०२३ चं पाचव्या वर्षाचं ऑप्शन (पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार एक वर्ष वाढवायचा संघाचा हक्क), ज्याचा पगार १ कोटी ६० लाख डॉलर, एवढं त्याच्या करारात शिल्लक होतं. लॉस एंजेलिस रॅम्सनी पहिल्या फेरीचे दोन पिक आणि वर आणखी एक देऊ केल्याचं त्या वेळी सगळीकडे छापून आलं. पँथर्सनी नकार दिला. तो नकार मी एका अटीवर मान्य केला असता: लगेच पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याशी लांब पल्ल्याचा करार केला असता तर.

तो झाला नाही. २०२३ च्या मुदतीला संघ १-६ होता, तरी बर्न्स तिथेच होता. हंगाम २-१५ असा संपला. मार्च २०२४ मध्ये त्याला सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा टॅग लावला आणि काही दिवसांत न्यूयॉर्क जायंट्सला विकलं. बदल्यात मिळाला दुसऱ्या फेरीतला ३९ वा पिक, २०२५ चा पाचव्या फेरीचा पिक आणि पाचव्या फेरीतल्या पिकांची अदलाबदल. जायंट्सनी त्याला पाच वर्षांचा १४ कोटी १० लाख डॉलरचा करार दिला.

खेळाडू तोच आणि गुणवत्ताही फारशी बदललेली नव्हती. दीड वर्षाचा करार शिल्लक असताना पहिल्या फेरीचे दोन पिक, टॅगवर असताना दुसऱ्या फेरीचा एक. मधल्या काळात घेणाऱ्याच्या दृष्टीने एकच गोष्ट बदलली होती: आता त्याला पिकही द्यायचा होता आणि त्याच दिवशी पूर्ण बाजारभावाचा करारही. पिक आणि पगार हे एकाच खिशातून जातात. पगार वाढला की पिक कमी होतो. २०२४ च्या पहिल्या फेरीतला रॅम्सचा पिक १९ वा ठरला, त्यावर त्यांनी जॅरेड व्हर्सला घेतलं आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू झाला. पँथर्सना बर्न्सच्या बदल्यात मिळालेला ३९ वा पिकसुद्धा पुढे ट्रेड होऊन रॅम्सकडेच गेला आणि त्यावर ब्रेडन फिस्क आला.

कॉम्पेन्सेटरी पिकचा आधार पडत्या संघाला का नसतो

थांबणाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद असा: ‘गेला तर गेला, कॉम्पेन्सेटरी पिक मिळेलच की.’ हा नियम नीट वाचला तर पडत्या संघासाठी तो किती पोकळ आहे ते कळतं.

करार संपून मोकळा झालेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर जुन्या संघाला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी एक जादा पिक मिळू शकतो. सगळ्या लीगमध्ये मिळून असे ३२, एका संघाला जास्तीत जास्त ४. कुठल्या फेरीचा, ते नव्या कराराची वार्षिक रक्कम, तो किती स्नॅप (डाव) खेळला आणि काही सन्मान मिळाले का यावर ठरतं. करार संपण्याआधी काढून टाकलेला खेळाडू यात धरला जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हिशोब निव्वळ तोट्याचा असतो. तुमचा एक गेला आणि तुम्ही बाहेरून तशाच किमतीचा एक आणला, की दोघं एकमेकांना खोडतात आणि हातात शून्य.

आता पडत्या संघाचा मार्च डोळ्यासमोर आणा. संघ दुबळा म्हणजे जागा रिकाम्या, कॅपमध्ये पैसे मोकळे, प्रशिक्षक कदाचित नवा. असा संघ बाजारात उतरणारच, आणि त्याने उतरायलाच हवं. तो पहिल्या दोन दिवसांत तीन-चार खेळाडू घेतो आणि आपलेच कॉम्पेन्सेटरी पिक खोडून टाकतो. हा नियम खरा उपयोगी पडतो तो बाल्टिमोरसारख्या भरलेल्या संघाला, ज्याला बाहेरून फारसं कुणी आणायचं नसतं.

जायंट्सचं २०२३-२४ बघा. मुदतीच्या आठवड्यात ते २-६ होते. धावपटू (रनिंग बॅक) सॅक्वॉन बार्कली आणि सेफ्टी (शेवटच्या फळीतला बचावपटू) झेवियर मकिनी या दोघांचेही करार संपत होते. दोघांनाही ठेवलं. मार्चमध्ये बार्कली फिलाडेल्फियाला तीन वर्षांच्या ३ कोटी ७७ लाखांच्या करारावर गेला, मकिनी ग्रीन बेला चार वर्षांच्या ६ कोटी ७० लाखांवर. जायंट्सनी स्वतः बाहेरून माणसं घेतली, आणि दोघांच्या बदल्यात २०२५ मध्ये मिळाला तो तिसऱ्या फेरीच्या शेवटचा एकच, ९९ वा पिक. तो नंतर जॅक्सन डार्टसाठी पहिल्या फेरीत वर चढताना कामी आला, हे खरं. पण बार्कलीने फिलाडेल्फिया ईगल्ससाठी पहिल्याच हंगामात २००५ यार्ड धाव घेतली आणि सुपर बोल जिंकला, आणि जायंट्सच्या वहीत त्याच्या नावापुढे काही नाही.

वयाचंही एक कलम आहे, जे फार कमी लोक लक्षात घेतात. दहा किंवा अधिक हंगाम पुरे केलेला खेळाडू गेला, तर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) सोडून बाकी कुणासाठीही पाचव्या फेरीच्या वरचा पिक मिळत नाही. डेन्व्हरने १ नोव्हेंबर २०२१ ला व्हॉन मिलरला रॅम्सकडे पाठवलं ते या दृष्टीने बघायला हवं. डेन्व्हर तेव्हा ४-४ होतं, अगदी बुडालेलं नव्हतं, आणि मिलर हा तिथल्या लोकांचा लाडका. पण तो ३२ वर्षांचा होता आणि करार संपत होता. ठेवला असता तर फार फार तर २०२३ मध्ये पाचव्या फेरीचा पिक. विकला म्हणून २०२२ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक मिळाले. दुसऱ्या फेरीतला ६४ वा पिक म्हणजे निक बोनिटो, ज्याने २०२४ मध्ये १३.५ सॅक घेतले, म्हणजे तितक्या वेळा क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं.

या मिलर सौद्यातली दुसरी बाजूही शिकण्यासारखी आहे. त्याचा ९७ लाख डॉलर पगार उरला होता आणि त्यातले ९० लाख डेन्व्हरने स्वतः भरले. ट्रेडआधी विकणारा संघ उरलेला पगार बोनसमध्ये बदलून लगेच देऊन टाकतो, आणि घेणाऱ्याकडे फक्त किमान वेतनाचा हिस्सा जातो. ऑक्टोबरअखेर जिंकणाऱ्या संघांकडे कॅपमध्ये जागाच नसते, म्हणून ही युक्ती लागते. जायंट्सनी २०२३ मध्ये लेनर्ड विल्यम्सला सिएटलला देताना हेच केलं: उरलेल्या १ कोटीपैकी साधारण ९३ लाख ५० हजार स्वतः दिले आणि सिएटलवर पडले ६ लाख ४७ हजार. त्याच्या सेवाकाळानुसार वर्षाचं किमान वेतन ११ लाख ६५ हजार होतं, त्याचे १०/१८ म्हणजे बरोबर तेवढेच. बदल्यात २०२४ चा दुसऱ्या आणि २०२५ चा पाचव्या फेरीचा पिक आला. दुसऱ्या फेरीतला ४७ वा पिक म्हणजे टायलर न्यूबिन.

पगार स्वतः भरला नसता तर तिसऱ्या-चौथ्या फेरीवर समाधान मानावं लागलं असतं, असं मला वाटतं. पण हे पैसे फुकटचे समजू नयेत. न वापरलेली कॅप पुढच्या वर्षी नेता येते, त्यामुळे भरलेले ९३ लाख म्हणजे पुढच्या मार्चमधल्या एका चांगल्या राखीव खेळाडूचा वर्षाचा पगार. पिक एक फेरीने वर जात असेल तर हा खर्च करावा, नाहीतर नाही.

एकाच संघाने तिन्ही केलं

शिकागो बेअर्स २०२२ आणि २०२३ मध्ये दोन्ही वेळा मुदतीला पडते संघ होते. जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी त्या दोन वर्षांत विकलं, विकत घेतलं आणि ठेवलंही. त्यामुळे हा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

२०२२ मध्ये लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) रोक्वान स्मिथ पाचव्या वर्षाच्या ऑप्शनवर खेळत होता. ऑगस्टमध्येच त्याने ट्रेडची मागणी केली होती. ३१ ऑक्टोबरला त्याला बाल्टिमोरला दिलं. बदल्यात २०२३ चा दुसऱ्या आणि पाचव्या फेरीचा पिक आणि लाइनबॅकर ए. जे. क्लाइन. बेअर्सनी इथेही उरलेला बहुतेक पगार स्वतः भरला. जानेवारीत बाल्टिमोर रेव्हन्सनी स्मिथला पाच वर्षांचे १० कोटी डॉलर दिले. बेअर्सना आलेल्या ५३ व्या पिकवर गर्व्हॉन डेक्स्टर आला, १४८ व्यावर नोआ स्यूएल.

हा सौदा बरोबर होता का? पिकच्या दृष्टीने हो. पण पुढच्या मार्चमध्ये त्याच संघाने लाइनबॅकर ट्रमेन एडमंड्सला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले, म्हणजे वर्षाला १ कोटी ८०. स्मिथ वर्षाला २ कोटींवर गेला होता. ‘या जागेवर एवढा पैसा घालायचा नाही’ असं ठरवून विकलं असेल, तर त्याच जागेवर चार महिन्यांत तेवढाच पैसा घालणं हे मला पटत नाही. विकण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: मार्चमध्ये ही जागा कशी आणि कितीला भरणार? उत्तर ‘बाजारातून, तेवढ्याच किमतीला’ असेल, तर घरातला खेळाडू जास्त ओळखीचा असतो.

स्मिथला विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी बेअर्सनी स्वतःचा दुसऱ्या फेरीचा पिक देऊन पिट्सबर्गकडून चेस क्लेपूल घेतला. त्याच्या करारात दीड वर्ष उरलं होतं. बेअर्स त्यानंतर एकही सामना जिंकले नाहीत, ३-१४ वर संपले, आणि तो पिक ३२ वा ठरला. पिट्सबर्गने त्यावर जोई पोर्टर ज्युनियर घेतला. क्लेपूल वर्षभरात शेवटच्या फेऱ्यांतल्या पिकांच्या अदलाबदलीत मायामीला गेला. पडता संघ स्वतःचा पिक देतो तेव्हा तो किती वर असेल याचा अंदाज तो नेहमी आशेने लावतो. सप्टेंबरमध्ये जिंकू असं वाटत होतं, म्हणून जानेवारीतही जिंकू असं धरायचं नसतं.

२०२३ च्या ३१ ऑक्टोबरला बेअर्स २-६ होते आणि त्यांनी वॉशिंग्टनला पुन्हा दुसऱ्या फेरीचा पिक दिला, या वेळी मॉन्टेझ स्वेटसाठी. करार मार्चमध्ये संपत होता. सगळीकडून ओरड झाली, आणि वरवर ती रास्त होती: हरणारा संघ अर्ध्या हंगामासाठी ४० वा पिक देतो कशाला? फरक पडला तो चार दिवसांनी. ४ नोव्हेंबरला स्वेटचा चार वर्षांचा ९ कोटी ८० लाखांचा करार झाला. त्या हंगामात त्याने वॉशिंग्टनसाठी ६.५ आणि शिकागोसाठी ६ सॅक घेतले, आणि दोन्ही संघांत तोच अव्वल राहिला. बेअर्स त्यानंतर ५-४ खेळले.

याच प्रकारचा सौदा जायंट्सनी २०१९ मध्ये लेनर्ड विल्यम्सच्या बाबतीत केला होता, तेव्हाही २-६ असताना. पण करार लगेच केला नाही. २०२० मध्ये १ कोटी ६१ लाखांचा टॅग, त्या वर्षी त्याने ११.५ सॅक घेतले, २०२१ मध्ये पुन्हा टॅग आणि मग तीन वर्षांचे ६ कोटी ३० लाख. पिक देऊन झाल्यावर सगळा जोर खेळाडूच्या एजंटकडे जातो, कारण आता संघ त्याला सोडू शकत नाही हे त्याला माहीत असतं. घ्यायचं तर करार त्याच आठवड्यात उरकायचा, हे बेअर्सनी बरोबर केलं.

आणि तिसरी गोष्ट, कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) जेलन जॉन्सन. त्याचाही करार २०२३ नंतर संपत होता. मुदतीआधी त्याला दुसरे संघ शोधायची परवानगी मिळाली. बेअर्सनी वरची किंमत धरून ठेवली, कुणी दिली नाही, तो राहिला. मार्चमध्ये आधी १ कोटी ९८ लाखांचा टॅग आणि दोनच दिवसांत चार वर्षांचे ७ कोटी ६० लाख. मी वर ‘थांबणं महाग’ म्हटलं, मग हे कसं जमलं? तीन कारणांनी. टॅग मोकळा होता, कारण तो संघाला वर्षाला एकालाच लावता येतो आणि स्वेटचं काम नोव्हेंबरातच उरकलेलं होतं. कॅपमध्ये भरपूर जागा होती. आणि जॉन्सन तेव्हा २४ वर्षांचा होता, म्हणजे चार वर्षांचा करार त्याच्या २८ व्या वर्षीच संपणार होता. किंमत आधी ठरवून थांबणं वेगळं, आणि फोन न उचलता थांबणं वेगळं.

टॅगबद्दल एक इशारा. आयपीएलमधल्या राइट टू मॅचसारखा तो वाटतो, पण टॅगसाठी आधी दुसऱ्याची बोली यावी लागत नाही. त्या जागेच्या सर्वोच्च पगारांवरून ठरलेली रक्कम एका वर्षासाठी पूर्ण हमीने द्यावी लागते. दुसऱ्यांदा लावला तर आधीच्या पगाराच्या किमान १२० टक्के. वॉशिंग्टनने कर्क कझिन्सला २०१६ मध्ये १ कोटी ९९ लाख ५० हजार आणि २०१७ मध्ये २ कोटी ३९ लाख ४० हजार असा दोनदा टॅग लावला. तिसऱ्यांदा ३ कोटी ४० लाखांच्या वर गेला असता. २०१८ मध्ये तो मिनेसोटाला पूर्ण हमीच्या ८ कोटी ४० लाखांवर गेला आणि वॉशिंग्टनला २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीच्या शेवटचा कॉम्पेन्सेटरी पिक मिळाला. टॅगने निर्णय एक वर्ष पुढे ढकलता येतो, आणि त्या वर्षाचं व्याज संघ भरतो.

वॉशिंग्टनने शिकलेलं

तोच संघ २०२३ मध्ये वेगळा वागला. ३-५ वर असताना एकाच दिवशी स्वेट शिकागोला आणि चेस यंग सॅन फ्रान्सिस्कोला. या निर्णयाचं मूळ आधीच्या दोन वर्षांत आहे. बचावफळीच्या पुढच्या ओळीत चौघेही पहिल्या फेरीचे: जॉनथन ॲलन, डॅरॉन पेन, स्वेट, यंग. ॲलनला २०२१ मध्ये चार वर्षांचे ७ कोटी २० लाख दिले, पेनला मार्च २०२३ मध्ये ९ कोटी. दोघांवर मिळून वर्षाला सरासरी ४ कोटींच्या वर, आणि त्या वर्षीची कॅप होती २२ कोटी ४८ लाख. म्हणजे ॲलन आणि पेन या दोन टॅकलवरच (आतल्या जागांवरच्या बचावपटूंवरच) १८ टक्के. त्यात आणखी दोन एज रशर बसत नाहीत. यंगच्या गुडघ्याला २०२१ मध्ये मोठी दुखापत झाली, २०२२ मध्ये तो तीनच सामने खेळला, आणि त्याचं पाचव्या वर्षाचं ऑप्शन संघाने नाकारलं होतं. नाकारलं तेव्हाच खरं तर विकण्याची तयारी सुरू झाली होती.

यंगसाठी तिसऱ्या फेरीचा १०० वा पिक मिळाला, त्यावर ल्यूक मकॅफ्री आला. लोक म्हणाले, दुसऱ्या क्रमांकावर ड्राफ्ट झालेला खेळाडू इतका स्वस्त? पण मार्चमध्ये यंगला न्यू ऑर्लिन्सकडून मिळाला तो एका वर्षाचा, १ कोटी ३० लाखांपर्यंतचा करार. बाजाराने त्याची किंमत तेवढीच केली. स्वेटच्या ४० व्या पिकवरून वॉशिंग्टनने ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाशी अदलाबदल करून खाली येत ५० आणि ५३ हे पिक मिळवले. त्यांतून माइक सेनरिस्टिल आणि बेन सिनॉट आले. फिलाडेल्फियाने ४० व्यावर कूपर डीजीन घेतला, तेव्हा या साखळीत सगळ्यात फायदा कुणाचा झाला यावर वाद होऊ शकतो.

या विक्रीची किंमतही मैदानावर मोजावी लागली. दोन्ही एज रशर गेल्यावर वॉशिंग्टनचा बचाव कोसळला, हंगामअखेर त्यांनी लीगमध्ये सर्वाधिक गुण दिले होते आणि ४-१३ वर संपले. पण त्या पराभवांनीच ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक आणला, आणि त्यावर जेडन डॅनियल्स. पुढच्या वर्षी १२-५ आणि एनएफसी या गटाचा अंतिम सामना. मुदतीनंतर एक-दोन सामने जास्त जिंकणं पडत्या संघाच्या हिताचं नसतं, हे प्रेक्षक म्हणून पचवायला जड जातं, पण गणित तसंच आहे.

मग करार कुणाशी करावा? माझी पट्टी अशी आहे. क्वार्टरबॅक, एज रशर, लेफ्ट टॅकल, कॉर्नर आणि रिसीव्हर या जागांवरचा, नव्या कराराच्या तिसऱ्या वर्षी तिशीच्या आत असलेला, आणि ज्याच्या वार्षिक रकमेचा कॅपशी वाटा तुम्हाला आज परवडतो, त्याच्याशी करार करा आणि लवकर करा. कॅप २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाख होती, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. स्वेटचे वर्षाला २ कोटी ४५ लाख सही झाली तेव्हा कॅपच्या जवळजवळ ११ टक्के होते आणि दोन वर्षांत ते ९ टक्क्यांच्या खाली आले. धावपटू, आतले लाइनबॅकर, सेफ्टी आणि तिशी ओलांडलेले सगळे यांच्या बाबतीत माझा कल विकण्याकडे आहे, मग तो कितीही आवडता असो.

कामाचा क्रम ऑगस्टमध्ये सुरू व्हायला हवा. संपणाऱ्या करारांची यादी, प्रत्येकापुढे वरची मर्यादा, आणि एजंटला पहिला आकडा हंगाम सुरू होण्याआधी. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही आकड्यांत वर्षाला १५ टक्क्यांहून जास्त अंतर उरलं असेल, तर ते मार्चमध्ये कमी होत नाही. तिथे आणखी ३१ खरेदीदार येतात. मग बाकी संघांना फोन करायला दोन आठवडे मिळतात. मुदतीच्या दिवशी सकाळी फोन केलात तर एकच ग्राहक असतो आणि भाव तो ठरवतो. वैद्यकीय तपासणीत सौदा मोडू शकतो, म्हणून खेळाडूला दुखापत असेल तर अहवाल आधीच तयार ठेवायचा.

आणि हा निर्णय घेणाऱ्या माणसाची नोकरी जानेवारीपर्यंत टिकणार आहे का, हे मालकाने स्वतःला विचारायला हवं. खुर्ची डळमळीत असलेला प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर पुढच्या एप्रिलच्या पिकसाठी आजचा खेळाडू देत नाही. त्याला पुढचे दोन सामने जिंकायचे असतात. वॉशिंग्टन जुलै २०२३ मध्ये जॉश हॅरिस यांच्या गटाने विकत घेतला, प्रशिक्षक रॉन रिव्हेरा जानेवारीत गेले, आणि ते पिक वापरले नव्याने आलेल्या ॲडम पीटर्स यांनी. असा बदल होणार हे ऑक्टोबरमध्येच दिसत असेल, तर फोन मालकानेच उचलावा.